इथेनॉल, गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि दोन एकर ऊस

औसा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: शाळेला जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर मोटरसायकल होते. गाडी 2016 ची. पूर्वी 55 चं अ‍ॅव्हरेज द्यायची, आता 45 वर आली. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलात इथेनॉल आलं म्हणून. इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्याच भागातल्या कारखान्यांचं, मग पेट्रोल स्वस्त का होत नाही? बाहेरच्या तेलावरचं अवलंबन तरी खरंच कमी झालं का? शिवाय घरची पाच एकर जमीन आहे, बोअरला पाणी बरं आहे, गावात सगळे म्हणतात इथेनॉलमुळं उसाला आता मरण नाही. सोयाबीन मोडून दोन एकर ऊस लावू का?

सर, तुमचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागलो आणि पुढं तीच डिस्टिलरी सांभाळली. इथेनॉल तयार करणं हाच माझा धंदा राहिला आहे आणि त्या कामाबद्दल मला आस्था आहे. तरीही आधीच सांगून टाकतो: इथेनॉलचा कार्यक्रम देशाच्या तेलाच्या बिलासाठी आणि कारखान्यांच्या रोख पैशासाठी चांगला आहे. तुमच्या पेट्रोलच्या खर्चासाठी तो आखलेलाच नाही. आणि मराठवाड्यात ऊस वाढवायचं कारण म्हणून त्याच्याकडं बघू नये.

आधी गाडीचं बघू. एक लिटर पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा एक लिटर इथेनॉल देतं. पाचात एक भाग इथेनॉल मिसळलं की मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. इथेनॉलचा ऑक्टेन (इंधनाची वेळेआधी न पेटण्याची ताकद) मात्र पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळं जे इंजिन ई-20 साठीच, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठीच, जुळवलेलं आहे ते यातला बराच तोटा भरून काढतं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात हे आकडे दिलेले आहेत: ई-10 वर (दहा टक्के इथेनॉल) जुळवलेल्या जुन्या चारचाकीत 6 ते 7 टक्के घट, तशाच दुचाकीत 3 ते 4 टक्के, आणि ई-20 साठी जुळवलेल्या चारचाकीत 1 ते 2 टक्के.

तुमचं 55 वरून 45 म्हणजे अठरा टक्के घट झाली. त्यातले चार टक्के इथेनॉलच्या खात्यावर टाका. उरलेले चौदा टक्के दुसरीकडून आलेले आहेत, ते शोधायला हवेत. सगळं खापर इथेनॉलवर फोडलं की मेकॅनिकचं काम सोपं होतं, पण गाडी दुरुस्त होत नाही.

2016 ची गाडी म्हणजे बहुतेक कार्ब्युरेटरची. इथेनॉल हा चांगला विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला चिकटा, गंजाचा पापुद्रा तो सुटा करतो आणि तो कचरा पाइपातून खाली येतो. कार्ब्युरेटरमधल्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, त्यात थोडा जरी कचरा अडकला तरी इंधन-हवेचं प्रमाण बिघडतं. दुसरं म्हणजे जुन्या गाड्यांतल्या रबराच्या नळ्या, ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचं टोक. काही जुनी रबरं इथेनॉलमध्ये फुगतात, काही कडक होऊन चिरतात. सुई नीट बसली नाही की फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) भरून वाहतो आणि पेट्रोल न जळताच जातं. गाडी रात्री उभी केल्यावर सकाळी कार्ब्युरेटरखाली ओल दिसते का, पेट्रोलचा वास येतो का, एवढं आधी बघा. मग कार्ब्युरेटर खोलून जेट साफ करून घ्या, नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉलला चालणाऱ्या टाका, टाकीचा कॉक काढून जाळी धुऊन घ्या. हा खर्च काहीशे रुपयांचा आहे. एअर फिल्टर, ताणलेली साखळी, घासणारा ब्रेक आणि टायरची हवा या साध्या गोष्टीही तपासा. आपल्याकडं उन्हाळ्यात रस्त्यावर जी धूळ उडते, तिनं एअर फिल्टर एका मोसमात गच्च होतो. तेवढ्यानंही अ‍ॅव्हरेज चार-पाच किलोमीटरनं खाली येतं.

पाण्याचीही काळजी घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं. आमच्या डिस्टिलरीत शुद्ध इथेनॉलच्या टाक्यांना श्वास घ्यायला जी नळी असते, तिच्यात सिलिका जेल भरून ठेवावं लागतं, नाहीतर टाकी हवेतली ओल ओढते. ई-20 मध्ये थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडी पहिलं तेच ओढते आणि बंद पडते. त्यामुळं दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, झाकणाचं रबर चांगलं ठेवा, आणि कॅनमध्ये पेट्रोल साठवून ठेवायची सवय सोडा. पंपावर भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागा. तो तुमचा हक्क आहे. घनतेची नोंदही पंपावर रोज ठेवावी लागते, ती दाखवा म्हणायला संकोच करू नका.

आता पैशाचा हिशेब. महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला पन्नास किलोमीटर, गाडी पन्नासच्या आसपास देते असं धरलं तर पंचवीस लिटर पेट्रोल लागतं. चार टक्के घट म्हणजे एक लिटर जास्त. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये, वर्षाला बाराशे-पंधराशे. हा भार खरा आहे आणि तो तुमच्यावर पडला आहे. जो माणूस जुनी चारचाकी महिन्याला हजार किलोमीटर चालवतो, त्याला चार लिटरचा फटका, म्हणजे चारशेच्या वर. यासाठी पंपावर ई-20 चा दर थोडा कमी असायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यातही, कमी ऊर्जेचा भुर्दंड भरून निघावा म्हणून इथेनॉल मिसळलेल्या इंधनाची किंमत पेट्रोलपेक्षा कमी राहावी आणि त्यासाठी करात सवलत द्यावी, असं सुचवलेलं होतं.

तो दर कमी का झाला नाही, याचं उत्तर खरेदीच्या दरात आहे. 2024-25 च्या वर्षासाठी सी-हेवी मळीपासूनच्या (सगळी साखर काढून उरलेली मळी) इथेनॉलला लिटरमागं 57.97 रुपये, बी-हेवीला (थोडी साखर राहिलेली मळी) 60.73, उसाच्या रसापासून केलेल्याला 65.61 आणि मक्यापासूनच्याला 71.86 रुपये असा दर होता. वाहतूक आणि जीएसटी धरून तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी 71 रुपयांच्या वर पडलं, हे पेट्रोलियम मंत्रालयानंच 2025 मध्ये जाहीर केलं. कर लागण्याआधीचं पेट्रोल त्या वेळी याहून स्वस्त होतं. मग त्यात महाग माल मिसळून दर उतरणार कसा? पंपावरच्या आकड्यात वर केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि डीलरचं कमिशन बसतं. त्यातलं काहीही इथेनॉल आलं म्हणून हटलेलं नाही.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट होते, ती रोजच्या कामात मी बघतो. कारखान्यातून इथेनॉल थेट शेजारच्या पंपावर जात नाही. टँकरला सील लागतं, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना बनतो आणि टँकर डेपोकडं निघतो. मराठवाड्याला पेट्रोल येतं ते बहुतेक मनमाडजवळच्या पानेवाडीहून किंवा सोलापूरजवळच्या पाकणीहून. मिश्रण त्या डेपोत होतं आणि तेच पेट्रोल दुसऱ्या टँकरनं परत आपल्याकडं येतं. दोन्ही टँकर डिझेल जाळतात. परभणीचं पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून वरचेवर बातमीत येतं, ते या अंतरामुळंच. परभणी-नांदेडच्या बाजूला डेपो झाला तर परभणीकराच्या पेट्रोलच्या दरात जेवढा फरक पडेल, तेवढा इथेनॉलनं पडणार नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, तेलावरच्या अवलंबनाचा. आपला देश वापरतो त्यातलं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. 1973 मध्ये अरब देशांनी पुरवठा आवळला तेव्हा काही महिन्यांत तेल चौपट महागलं. 1990 मध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेलाचं बिल फुगलं, आणि 1991 मध्ये देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. तेलाचं बिल हे त्यातलं एक मोठं कारण होतं. 2008 च्या जुलैत पिंप 147 डॉलरला टेकलं. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानं ते पुन्हा शंभराच्या बरंच पुढं गेलं. या भोवऱ्यातून थोडं जरी बाहेर पडता आलं तरी ते हवंच. इथेनॉल मिसळायला 2003 मध्ये सुरुवात झाली, पण कितीतरी वर्षं ती रखडतच चालली. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर वेग आला, जून 2022 मध्ये दहा टक्के गाठले, आणि वीस टक्क्यांचं 2030 चं उद्दिष्ट अलीकडं ओढून 2025 मध्येच पूर्ण केलं. 2014-15 पासून जुलै 2025 पर्यंत 1 लाख 44 हजार कोटी रुपयांहून अधिक परकी चलन वाचलं, असा सरकारचा हिशेब आहे. ही छोटी गोष्ट नाही आणि आमच्या धंद्यातल्या माणसांना तिचा अभिमान आहे.

पण पाचवा हिस्सा इथेनॉल म्हणजे तेलाची आयात पाचव्या हिश्श्यानं घटली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. वीस टक्के आहेत ते पेट्रोलातले. ऊर्जेच्या हिशेबानं ते तेरा-चौदा टक्के पेट्रोलची जागा घेतात. आणि देशात खपणाऱ्या एकूण पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोल साधारण एक षष्ठांश. तेरा-चौदा टक्क्यांचा सहावा भाग काढा, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येतो. बाकी सगळं जसंच्या तसं आहे: डिझेल, गॅस, विमानाचं इंधन, डांबर, प्लास्टिकचा कच्चा माल. डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे आणि त्यात इथेनॉल मिसळत नाहीत.

मराठवाड्यातलं घर तेलाला पैसे देतं ते मुख्यतः याच डिझेलच्या वाटेनं, आणि ते बिलावर दिसत नाही. तुमचं एक एकर सोयाबीन घ्या. नांगरट, मोगडा, रोटा, पेरणी, शेवटी मळणीयंत्र. ट्रॅक्टर आणि जमीन यांप्रमाणं कमी-जास्त होईल, पण एकरी वीस-पंचवीस लिटर डिझेल यात सहज जातं. तुमचा स्वतःचा ट्रॅक्टर नसला तरी भाड्यात तेच मोजता. मग माल लातूरच्या अडतीत नेणारा टेम्पो, परत येताना खताची पोती. किराणा, सिमेंट, भाजी, एसटीचं तिकीट, सगळ्यात डिझेल मुरलेलं आहे. उसाचंही तेच. एफआरपीतून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, तोडणी-वाहतूक कापली जाते. ती टनाला आठशे-हजार रुपयांच्या घरात जाते आणि डिझेल वाढलं की तीही वाढते. म्हणजे ज्या पिकानं तेलाची आयात कमी करायची, त्याचंच बिल तेलाच्या भावाला बांधलेलं आहे.

त्यामुळं खर्च कमी करायचा असेल तर तो कमी किलोमीटर आणि कमी डिझेल यांतून होतो. रोजचे ठरलेले पन्नास किलोमीटर असणाऱ्या माणसाला इलेक्ट्रिक दुचाकीचा हिशेब मी आवर्जून करायला सांगतो. पन्नास किलोमीटरला दोन युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे वीस-पंचवीस रुपये; पेट्रोलला शंभराच्या वर. गाडीची जास्तीची किंमत आणि काही वर्षांनी येणारा बॅटरीचा खर्च त्यात धरा, घरी रात्री वीज भरवशाची आहे का ते बघा, मग ठरवा. तुमच्यासारख्याचं गणित बहुधा जमतं. शेतात डिझेल इंजिन असेल तर सौर पंपाच्या योजनेत आधी अर्ज करा. शेजारच्या एखाद्या शिक्षकाबरोबर एका गाडीवर जाणं जमत असेल तर तेही करा. कुठल्याही इंधनापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता ऊस. इथं मी थोडा जास्त थांबणार आहे.

कारखान्यात इथेनॉल तीन वाटांनी होतं. पहिली वाट सी-हेवी मळीची. उसातली काढता येईल तेवढी साखर काढून घेतल्यावर जी काळी, दाट मळी उरते, ती पाण्यानं पातळ करून फर्मेंटरमध्ये घेतो, यीस्ट सोडतो, दीड-एक दिवसात साखरेचं अल्कोहोल होतं. ऊर्ध्वपातनानं ते 95-96 टक्क्यांपर्यंत जातं, त्यापुढं जात नाही. उरलेलं पाणी काढायला झिओलाइटच्या बारीक गोळ्यांतून वाफ सोडतो. गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या वरचं इथेनॉल बाहेर पडतं. टनभर उसामागं या वाटेनं दहा-अकरा लिटर मिळतं आणि साखर जशीच्या तशी राहते. दुसरी वाट बी-हेवी: थोडी साखर मळीतच सोडायची, इथेनॉल जास्त घ्यायचं. तिसरी वाट रसाची किंवा सिरपची: साखर करायचीच नाही, टनाला सत्तर लिटरपर्यंत थेट इथेनॉल.

पहिल्या वाटेवर माझा पूर्ण विश्वास आहे. ऊस साखरेसाठी लावलेलाच होता, मळी उरणारच होती. बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालतो, बाहेरून कोळसा लागत नाही. लिटरमागं आठ-दहा लिटर स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) निघतो, तोही आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेतून पोटॅशचं खत मिळतं. पूर्वी हाच स्पेंटवॉश विहिरी नासवायचा. या वाटेनं झालेल्या इथेनॉलसाठी शेतातलं एक थेंबही पाणी वाढत नाही.

तिसऱ्या वाटेसाठी जादा ऊस लावायचा म्हटलं की हिशेब पाण्यावर येतो. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर. मराठवाड्यात पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. एकरी पस्तीस टन ऊस धरला आणि सगळा रस इथेनॉलला दिला तर अडीच हजार लिटर इथेनॉल येतं. भागाकार करा: एका लिटर इथेनॉलला तीन हजार लिटरच्या वर पाणी. नीती आयोगाच्या आराखड्यातही लिटरला 2,860 लिटर असाच आकडा आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढं पन्नास वाघिणींची गाडी एका फेरीत पंचवीस लाख लिटर आणायची. एक एकर ऊस अशा तीन गाड्या पितो. मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूर शहराला नळाचं पाणी मिळत नव्हतं आणि त्याच खोऱ्यात बोअरवर ऊस उभा होता. ते पाणी जमिनीच्या पोटातून आलं होतं, ते कुणी भरून दिलेलं नाही.

“उसाला आता मरण नाही” हे वाक्य 2023 मध्ये खोटं ठरलं आहे. त्या वर्षी पाऊस ओढला, साखर कमी पडेल अशी धास्ती निर्माण झाली, आणि 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. गाळप हंगाम ऐन भरात होता. काही दिवसांत मर्यादित परवानगी मिळाली, पण पूर्ण बंधनं उठली ती ऑगस्ट 2024 च्या अखेरीला. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून सिरपवरचे प्रकल्प उभारले होते, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. साखर कमी पडेल तेव्हा सरकार आधी साखर बघणार, आणि तसं बघणं बरोबरही आहे. पण शेतकऱ्यानं लक्षात घ्यावं की इथेनॉलचा दर आणि इथेनॉलची मुभा, दोन्ही दिल्लीत ठरतात. तुमची एफआरपी साखरेच्या उताऱ्यावर (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यावर) ठरते, इथेनॉलच्या दरावर नाही. 2025-26 ला ती 10.25 टक्के उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये होती. उतारा कमी तर दर कमी, आणि आपल्याकडचा उतारा कोल्हापूरइतका नसतो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते.

आता तर देशातल्या इथेनॉलमध्ये उसाचा वाटा निम्म्याहून बराच खाली आला आहे. 2024-25 मध्ये दोन तृतीयांशच्या आसपास इथेनॉल धान्याचं होतं, त्यात मका सर्वांत पुढं. सिल्लोड, कन्नड, भोकरदन भागातल्या शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. टनभर मक्यापासून 380 लिटरच्या आसपास इथेनॉल मिळतं. एकरी पंचवीस क्विंटल मका म्हणजे साडेनऊशे लिटर. उसापेक्षा कमी, पण खरिपाचा मका बहुतेक पावसाच्याच पाण्यावर येतो आणि चार महिन्यांत रान मोकळं होतं. दर लिटर पाण्यामागं किती इथेनॉल, असं विचारलं तर आपल्या भागात मका उसाला मागं टाकतो.

मात्र मक्याचा एक परिणाम तुमच्या सोयाबीनवर होतो आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून डीडीजीएस या नावानं विकतात. त्यात प्रथिनं चांगली असतात आणि तो सोयाबीनच्या पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. कोंबडीखाद्यवाले तिकडं वळले की पेंडीची मागणी घटते, पेंडीची घटली की सोयाबीन पडतं. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये असताना लातूरच्या बाजारात दर त्याच्या बरेच खाली राहिले, त्याला खाद्यतेलाची आयात आणि जागतिक भाव यांच्या जोडीला हेही कारण आहे. मक्यालाही 2025-26 ला हमीभाव 2,400 होता, पण काढणीला आवक वाढली की बाजार त्याच्या खाली उतरतो. धान्याच्या इथेनॉलचा कारखाना हा हमीभावानं खरेदी करायला बांधलेला नाही. ही अट सरकारनं घालायला हवी: ज्याला तेल कंपनीचा ठरलेला दर मिळतो, त्यानं शेतकऱ्यालाही ठरलेला दर द्यावा.

गोड ज्वारीचाही प्रयोग आपल्याकडं झाला आहे. नांदेड जिल्ह्यात एका मोठ्या कंपनीनं 2009 च्या सुमारास तिच्यापासून इथेनॉल काढायचा प्रकल्प उभा केला होता. तो टिकला नाही. ताटं तोडल्यावर रस लगेच आंबायला लागतो, एक-दोन दिवसांत गाळप व्हायलाच हवं, आणि पिकाचा हंगाम इतका छोटा की यंत्रं वर्षातला बराच काळ बंद राहतात. पण उसाचे कारखाने वर्षातले सहा-सात महिने बंदच असतात. ऊस संपल्यावर त्याच मिलवर गोड ज्वारी गाळायची, ही कल्पना पुन्हा हातात घ्यायला हवी. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचं संशोधन जुनं आहे. मराठवाड्याच्या पाण्याला हेच पीक शोभतं.

तुमच्या दोन एकरांबद्दल आता नेमकं सांगतो. बोअरला पाणी “बरं” आहे, हे तुम्ही कुठल्या महिन्यात बघितलं? दिवाळीत सगळ्याच बोअरला पाणी असतं. उसाला खरं पाणी लागतं ते मार्च ते जून, आणि तेव्हाच भूगर्भातली पातळी तळाला गेलेली असते. या उन्हाळ्यात बोअर आठ तास सलग चालवून बघा, धार तुटते का, किती वेळात परत येते, लिहून ठेवा. गेल्या पाच-सहा वर्षांत शेजारच्या बोअरची खोली किती वाढत गेली तेही विचारा. घरचं पिण्याचं पाणी त्याच बोअरचं असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

पाणी खरोखर असेल तर दोन एकर नको, एक एकर लावा, आणि ठिबकवरच. ठिबकनं चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाचतं. खत त्यातूनच देता येतं. उरलेल्या चार एकरांत सोयाबीन-तूर ठेवा, एखाद्या एकरावर खरिपाचा मका करून बघा, रब्बीला हरभरा आणि ज्वारी. ऊस लावायच्या आधी कारखान्याच्या शेतकी विभागात लागणीची नोंद करून पावती घ्या, कारण तोडणी त्या तारखेच्या क्रमानं येते. नोंद नसलेला ऊस मार्च-एप्रिलपर्यंत उभा राहतो, वजन घटतं आणि तोडणी टोळीच्या मुकादमाला वरून पैसे द्यायची वेळ येते. तोडणी-वाहतुकीचा दर किती कापणार, हे लेखी विचारा. कारखाना बी-हेवी किंवा रसापासून इथेनॉल करत असेल तर इथेनॉलकडं वळवलेली साखर उताऱ्यात कशी धरली, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. सभासद असाल तर तो प्रश्न वार्षिक सभेत मांडा आणि उत्तर इतिवृत्तात येईल असं बघा.